जास्वंदीचे चार कप

आमच्या घरात स्वयंपाकघर म्हणून वेगळी खोली नव्हती. एकच लांबट खोली होती. दाराशी उजेड असल्यामुळे तिथं अम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसे, मधल्या भागात आम्ही जेवत आणि झोपत असू, आणि मागच्या भिंतीला स्टोव्ह, पाण्याचा रांजण आणि जाळीचं कपाट होतं. त्यामुळे भाकरीला तंबाखूचा वास लागे आणि विडीच्या पानांना फोडणीचा. आम्हाला हे दोन वास वेगळे कधी जाणवले नाहीत. पाहुणे आले आणि नाक चोळू लागले की कळे. दोन्ही बाजूंच्या घरांत माग होते. सकाळी सुरू झालेला त्यांचा खडखडाट दुपारच्या जेवणापुरता थांबे आणि पुन्हा सुरू होई. वीज गेली की गल्ली एकदम गप्प होई, आणि आपण एरवी किती ओरडून बोलतो हे तेव्हाच लक्षात येई. पुढे वर्तमानपत्रात लागले तेव्हा माझं टेबल छपाईच्या यंत्राच्या बरोबर वर होतं. इतरांना त्या आवाजाचा त्रास होई. मला झाला नाही.

घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि गल्लीत समोरचा माणूस बोलेल ते, अशी आमची भाषा होती. या प्रकरणातली घरातली बोलणी तेलुगूत झाली. मी ती मराठीत लिहिते आहे. जेवणही असंच मिसळलेलं होतं. ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि चिंचेचा कोळ घालून केलेली आंबट पातळ डाळ, जिला आम्ही पप्पू म्हणत असू. चिंच आमच्या घरी मिठाइतकीच लागे. कोळ काढून उरलेला चोथा अम्मा टाकत नसे. एका फुटक्या वाटीत तो भरून दाराबाहेर ठेवी, कारण संध्याकाळी वडील येत ते रंगलेले हात घेऊन, आणि साबणाआधी त्यांना चोथा लागे.

वडिलांना मी नायना म्हणत असे. ते सुताच्या रंगखान्यात रंगमास्तर होते. चादरींसाठी लागणाऱ्या सुताच्या लडी, रंग धरावा म्हणून मीठ घातलेल्या गरम हौदांत बुडवून रंगवायच्या, आणि ठरलेला रंग आला की नाही हे मास्तरने सांगायचं. त्याने मान हलवली की माल पास. लोक त्यांना राजेशम मास्तर म्हणत. त्यांच्या नखांच्या कडांवरून आज कोणता हौद चालला होता ते मला ओळखता येई. आमच्या घरात कोणी लाल किंवा हिरवा एवढंच म्हणत नसे. डाळिंबी, गुलबक्षी, अंजिरी, पोपटी, शेवाळी असं नेमकं नाव सांगावं लागे. चुकीचं सांगितलं तर नायना म्हणत, "परत बघ."

मी चौथीत होते त्या वर्षाच्या आधीच्या हिवाळ्यात नायनांना खोकला लागला आणि तो गेला नाही. छातीचा फोटो काढला. क्षय निघाला. आमच्याकडे त्या आजाराचं नाव घेत नसत. शेजाऱ्यांना पित्त सांगितलं होतं, नातेवाइकांना अशक्तपणा. घरात मात्र त्यांची ताटली आणि पेला वेगळा झाला, आणि माझं अंथरूण अम्माच्या पलीकडच्या बाजूला गेलं. रंगखान्यात सगळे जण एकाच माठाचं पाणी पीत आणि डबे एकत्र उघडत. तिथं कळलं तर शेजारी कोण बसेल, हा नायनांचा प्रश्न होता. म्हणून ते गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात जात, आणि तिथल्या डॉक्टरांनी काम काय करता असं विचारलं तेव्हा त्यांनी माग चालवतो असं सांगितलं. मागवाले शहरात हजारो होते. रंगमास्तर म्हटलं असतं तर कोण ते लगेच समजलं असतं. आधी इंजेक्शनं झाली, मग गोळ्यांच्या पुड्या घरी येऊ लागल्या. डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं की नजरेत काही फरक वाटला तर कळवा. नायनांनी मनाशी तपासलं. लांबच्या बसची पाटी वाचता येत होती, सुईत दोरा ओवता येत होता. म्हणजे नजर ठीक.

आमच्या वर्गाला त्या वर्षी नवीन बाई आल्या. त्या वैराग गावच्या होत्या आणि रागावल्या की त्यांचं बोलणंही वैरागचंच होई. शाळेत विज्ञानाचं एक कपाट होतं. त्याची किल्ली ज्यांच्याकडे होती ते मोठ्या वर्गांशिवाय ते उघडत नसत. बाईंनी दोनदा मागून पाहिलं, मग वर्गात येऊन म्हणाल्या, "राहू द्या तिकडं. तुमच्या घरी स्वयंपाक होतो ना? मग झालं की." तेव्हापासून दर आठवड्याला एक प्रयोग घरच्या सामानातून करायचा असा नियम झाला. तांब्याच्या पैशाला चिंच लावून ठेवायची आणि नंतर पुसायचा. हळदीचं बोट पांढऱ्या चिंधीवर उमटवायचं आणि त्यावर खायच्या सोड्याचं पाणी सोडायचं. पिवळं बोट लाल होई. लिंबाचा रस पिळला की पुन्हा पिवळं. मी हे घरी दाखवलं तेव्हा अम्मा म्हणाली, "हळदीच्या साडीला साबण लागला की असंच होतं. यात शिकवायचं काय?" तरी ती दोन वेळा करायला लावून बघत बसली.

बाईंच्या तीन अटी होत्या. आईला विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही. काहीही चाखायचं नाही. आणि काय झालं ते आपण आधी सांगायचं नाही. घरातल्या मोठ्या माणसाला दाखवून त्यांना विचारायचं. एका मुलीनं विचारलं, "का वो बाई? आमाला दिसतंय की." बाई म्हणाल्या, "तुला दिसतंय. पण तू 'लाल झालं बघा' म्हणालीस की समोरच्याला पण लालच दिसणार. म्हणून आधी त्याला बोलू द्यायचं." पुढे वार्ताहरांना बातमी कशी गोळा करायची ते शिकवताना मी हेच वेगळ्या शब्दांत सांगत आले.

जास्वंदीचा प्रयोग त्यानंतरचा. फुलांच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकून झाकून ठेवायच्या. पाणी जांभळट होतं. ते चार पांढऱ्या कपांत ओतायचं. एक कप तसाच ठेवायचा. दुसऱ्यात लिंबू, तिसऱ्यात खायचा सोडा, चौथ्यात पानाच्या चुन्याची निवळी. लिंबाच्या कपात पाणी गुलाबी होतं, सोड्याच्या कपात हिरवं, चुन्याच्यात त्याहून गडद. माझ्या पुढच्या आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी पाहिल्या, पण पहिल्यांदा सोड्याची चिमूट पडून ते जांभळं पाणी काठाकडून हिरवं होत गेलं तेव्हा वाटलं तसं फार कमी वेळा वाटलं आहे.

तो रविवार होता आणि रंगखान्याला सुट्टी होती. नायना भिंतीला टेकून बसले होते. अम्मा दाराशी विडीची पानं कापत होती. माझ्या मागोमाग गल्लीतली चार-पाच पोरं आली होती, कारण आमच्याकडचे कप एकसारखे होते, आणि आमच्याकडे मास्तर होते. शेजारचा अंबादास सगळ्यांत पुढं.

"मास्तरला काय इचारतीस गं?" तो म्हणाला. "त्यांचं तर कामच हाय ते. पैज लावू का?"

"गप बस. बाईंनी सांगितलंय, बोलायचं नाही," मी म्हणाले.

मी चारही कप एका ताटात ठेवून नायनांच्या पुढं सरकवले. ते पुढं वाकले. रंगाकडे बघताना त्यांची मान थोडी डावीकडे कलत असे, तशी कलली.

"हा साधा," ते पहिल्या कपाला म्हणाले. "अंजिरी पडतोय." मग दुसऱ्या आणि तिसऱ्या कपाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. तिसरा उचलून दाराच्या उजेडाकडे धरला, खाली ठेवला. "आणि हे दोन एकच आहेत की. यात काय घातलंस? पाणी?"

दुसरा गुलाबी होता आणि तिसरा हिरवा.

मग अंबादास फिसकन हसला. "मास्तर चेष्टा करायलेत!" सगळी पोरं हसली. नायनांनी आमच्या तोंडाकडे पाहिलं आणि तेही हसले. "बघत होतो, तुम्हाला तरी येतंय का," ते म्हणाले. "सांग रे तू, कुठला काय?" अंबादासने मोठ्या आवाजात सांगितलं. नायनांनी प्रत्येक कपाला मान हलवली, रंगखान्यात हलवत तशीच. मलाही ती चेष्टाच वाटली. वडील चेष्टा करत आहेत याचा मला आनंद झाला होता. आजारापासून त्यांनी ती सोडली होती. अम्माच्या हातातली कात्री मात्र थांबलेली होती. पोरं जाईपर्यंत ती चालली नाही.

अम्माने लगेच काही विचारलं नाही. ती शाळेत गेली नव्हती, आणि बाईंच्या अटी तिला माझ्याकडूनच कळल्या होत्या. तिनं काय केलं ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं. कोणाच्या तरी बारशाला द्यायचं म्हणून तिनं ट्रंक उघडायला सांगितली. ट्रंकेत एकाच दुकानातले, एकाच पोताचे दोन खण होते. "त्यातला हिरवा तेवढा द्या," ती पाठमोरी राहूनच म्हणाली. नायनांनी हात घातला, दोन्ही बाहेर काढले, एक परत ठेवला आणि एक तिला दिला. तिनं तो घेतला. तो लाल होता. तिनं त्याची घडी मोडून पुन्हा घातली आणि म्हणाली, "केव्हापासून?"

नायना बसले. नंतर त्यांनी जे सांगितलं त्यात ओढून ताणून काही नव्हतं. उन्हाळ्याच्या तोंडाला आधी फिक्या रंगांचा घोळ होऊ लागला. त्यांना वाटलं हौदांच्या वाफेने डोळे शिणले. मग वाटलं अंगात उष्णता वाढली आहे. म्हणून ते सब्जाचं पाणी पीत होते, टाळूला एरंडेल चोळत होते; आम्ही ते पाहिलं होतं आणि आजारपणातलं काहीतरी असेल असं धरून चाललो होतो. मग हिरवा आणि लाल दोन्ही मातकट होत गेले.

"मग माल कसा पास करता?"

"बाशा आहे की."

बाशाभाई त्यांच्या हाताखाली हौदावर काम करत. लड बाहेर काढली की नायना ती उजेडाला धरत आणि बाशाभाई सूत पिळायच्या निमित्ताने जवळ येऊन हळूच सांगत, रंग जरा उतरलाय, किंवा नीट बसलाय. नायना मग तेच मोठ्यांदा म्हणत. हे त्या दोघांत कधी बोलून ठरलं नव्हतं. एकदा नायना चुकीचं बोलणार होते, बाशाभाईंनी खोकून अडवलं, आणि तिथून ते सुरू झालं.

"डॉक्टरांना सांगितलं?"

"डोळ्याला काय झालंय? दिसतंय सगळं. रंगाचं सांगायचं तर विणकराला रंगाचं काय पडलंय, असं ते विचारतील. मग काय सांगू? आणि शेठला कळलं तर उद्यापासून घरी बस म्हणेल. तू विड्या वळून किती वळशील?"

अम्मा म्हणाली, "आणि नजरच गेली तर?"

नायना उठले. ते कामावर गेले. अम्माने त्या दिवशी पानं भिजवली नाहीत. मला म्हणाली, शाळेत जाऊ नको, माझ्याबरोबर चल. तिला मराठी कळे, पण बोलताना अडखळे, आणि दवाखान्यात अडखळणाऱ्याला लवकर बाहेर काढतात असा तिचा अनुभव होता.

डॉक्टर मध्यम वयाचे होते आणि त्यांच्या टेबलापुढं नेहमी रांग असे. आमची पाळी आली तेव्हा त्यांनी वर न बघता विचारलं, "पेशंट कुठंय?"

"कामावर गेलेत," मी म्हणाले. "त्यांना हिरवं आणि गुलाबी एकच दिसतंय."

आता त्यांनी वर पाहिलं. "कोण म्हणालं?"

मी कपांचं सांगितलं. लिंबू कशात, सोडा कशात, सगळं. रांगेतला एक माणूस म्हणाला, "सायब, आमाला इंजेक्शन तेवढं देऊन जाऊ द्या की, पोरगी शाळाच भरवायली हितं." डॉक्टरांनी हात वर करून त्याला थांबवलं. त्यांनी मला विचारलं, हिरवं ठेवताना तू काही बोललीस का? मी म्हणाले, नाही, बाईंनी बोलायचं नाही असं सांगितलंय. मग ते अम्माकडे वळले. "वाचता येतं त्यांना? धूसर दिसतं?"

"बसची पाटी वाचतात," अम्मा म्हणाली. "खण चुकला."

"मागावर काम करतात ना? मागावर कधी रंगाचा घोळ झाला?"

मी अम्माकडे पाहिलं. नायनांनी इतके महिने जपलेली गोष्ट तिच्या तोंडाशी आली होती, आणि ती बोलली की परत घेता येणार नव्हती. तिनं पदर नीट केला आणि शोधून शोधून मराठीत म्हणाली, "माग नाही. खोटं सांगितलं त्यांनी. रंगमास्तर आहेत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रागावतील असं मला वाटलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मला माहीत असतं तर मी दर वेळी रंगाचंच विचारलं असतं." मग त्यांनी अम्माने बरोबर आणलेल्या गोळ्यांच्या पुडीतून एक प्रकारची गोळी वेगळी काढली आणि अम्माच्या तळहातावर ठेवली. "ही. ही आजपासून बंद. एकसुद्धा नाही. बाकीच्या चालू. आणि उद्या त्यांना घेऊन या. नाही आले तर मी माणूस पाठवतो." त्या गोळीने काही थोड्या रोग्यांच्या डोळ्यांमागची नस बिघडते, आधी रंग जातात आणि मग नजर, हे त्यांनी आम्हाला समजेल अशा शब्दांत सांगितलं. गेलेलं परत येईल का, असं अम्माने विचारलं. ते म्हणाले, "पुष्कळांचं येतं. वेळ लागतो. सगळ्यांचं येत नाही."

पुढे मी बातम्यांच्या कामानिमित्त अनेक डॉक्टरांना भेटले आणि हा प्रश्न विचारला. सगळ्यांनी जवळजवळ हेच सांगितलं. आता त्या गोळीसोबत रोग्याला रंगीत ठिपक्यांची पानं दाखवतात म्हणे. तेव्हा आमच्या वाट्याला चार कप आले.

नायना दवाखान्यात गेले. पण घरी आल्यावर अम्माशी बोलेनात. जेवण वाढलं की जेवत, ताटली स्वतः धूत. त्यांचा राग गोळीवर किंवा डॉक्टरांवर नव्हता. आपलं काम बायकोने परक्या माणसापुढं सांगितलं यावर होता. अम्मानेही समजूत काढली नाही. ती विड्या वळत राहिली. एकदा एवढंच म्हणाली, "मला आंधळा नवरा सांभाळता आला असता. पण तो मुक्या बायकोमुळे आंधळा झाला, हे नसतं सांभाळता आलं." त्या दिवशी नायनांनी स्वतःहून पाणी मागितलं.

रंगखान्यात मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. बाशाभाईंच्या डोळ्यांवर ते माल पास करत राहिले. चार महिन्यांत बरं होईल, मग कोणाला कळायचंच नाही, असा त्यांचा हिशेब असावा.

शाळेला सुट्टी असली की मी त्यांचा डबा पोचवायला जात असे. रंगखान्यात पाऊल टाकलं की आधी वाफ तोंडावर येई आणि मग जमीन दिसे. ती कायम ओली आणि अनेक रंगांची असे. त्या दिवशी मी गेले तेव्हा हौदांवर कोणी नव्हतं. सगळे वाळवणाच्या दांड्यांपाशी गोळा झाले होते. दांड्यांवर आदल्या दिवशी रंगवलेला हिरवा लॉट वाळून तयार होता. तो हिरवा नव्हता. जुन्या बाभळीच्या शेंगेसारखा तपकिरी पडला होता. शेठच्या हातात नमुन्याचा दोरा होता. त्यांनी तो नव्या सुताबरोबर बोटांत पिळला आणि सगळ्यांपुढं धरला. रंग एक असता तर पिळलेल्यात दोन दोरे वेगळे दिसले नसते. इथं लांबूनही दिसत होते.

शेठ बाशाभाईंवर ओरडत होते. "मीठ किती घातलंस? घाईत असलास की असंच करतोस. मास्तर इतकी वर्षं आहेत इथं, त्यांचा रंग कधी चुकला नाही. सगळा लॉट घालवलास!"

बाशाभाई खाली मान घालून उभे होते. मला नंतर कळलं की आदल्या दिवशी ते मोडनिंबला बहिणीकडे गेले होते. हौदापाशी नव्हतेच. हिशेबनिसाला त्यांच्या रजेचं शेठला सांगायचं राहून गेलं होतं. बाशाभाईंनी एक वाक्य उच्चारलं असतं तर सुटले असते. त्यांनी ते उच्चारलं नाही.

"उद्यापासून येऊ नकोस," शेठ म्हणाले.

"शेठ," नायना म्हणाले.

"मास्तर, तुम्ही मध्ये पडू नका. तुमच्याच भिडेनं हा डोक्यावर बसलाय."

"बाशा काल इथं नव्हता. मीठ मी घातलं. पास मी केलं."

शेठने त्यांच्याकडे वळून पाहिलं. "मग हे काय झालं? तुम्हाला हे दिसलं नाही?"

"नाही," नायना म्हणाले. "मला हिरवा दिसत नाही. उन्हाळ्यापासून. बाशा सांगतो आणि मी मान हलवतो. काल तो नव्हता." मग थांबून, त्याच आवाजात म्हणाले, "क्षयाचं औषध चालू आहे. त्यानं झालंय."

मी इतकी वर्षं लोकांची वाक्यं कागदावर उतरवली. स्वतःचं सगळं नुकसान होणार हे ठाऊक असून इतक्या साध्या आवाजात बोललेली वाक्यं फार थोडी ऐकली. तिथं उभ्या असलेल्या माणसांत हालचाल झाली. कोणी नायनांपासून एक पाऊल मागे गेलं, कोणी माठाकडे पाहिलं. शेठने पिळलेला दोरा खिशात टाकला. "मला आधी सांगायचं होतं, मास्तर," ते म्हणाले, आणि आपल्या खोलीकडे गेले.

मी डबा घेऊन उभी होते. तो कोणाकडे द्यावा मला कळेना. बाशाभाई आले, त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, वाळवणाच्या सावलीत खाली बसले आणि झाकण काढलं. "आव मास्तर," ते म्हणाले. "खाना ठंडा होरा. कल नमक जास्ती डाले तुम, आज घरवालीने तो बराबर डाली क्या देखते." नायना हसले नाहीत. पण जाऊन बसले.

शेठने नायनांना काढलं नाही. रंगाची पूड तोलून देण्याच्या कोठीवर बसवलं. तिथं काट्यावर नजर लागे, रंगावर नाही. पगार उतरला. पाण्याचा दुसरा माठ आला. माल पास करायचं काम बाशाभाईंना मिळालं आणि लोक त्यांना बाशा मास्तर म्हणू लागले. घरात अम्मा दिवसाला जास्त विड्या वळू लागली आणि शाळेतून आल्यावर पानं कापायला मीही बसू लागले. बाईंना मी जास्वंदीचं काय झालं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. प्रयोग बरोबर आला, एवढंच म्हणाले, आणि ते खरं होतं.

क्षय बरा झाला. वेगळी ताटली मोडीत गेली. त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी, दिवाळीच्या आधी, अम्मा स्वतःसाठी साडी घेऊन आली. सवंग होती, सुती. ती तिनं दाराशी उलगडली आणि शेजारणीला म्हणाली, "पोपटी आहे ना चांगली?"

नायना आत जेवत होते. "पोपटी कुठली," ते म्हणाले. "शेवाळी आहे ती."

अम्माने साडीची घडी न घालता ती तशीच हातात धरली. शेजारीण गेल्यावर ती आत येऊन त्यांच्यासमोर बसली. साडी खरोखरच शेवाळी होती.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"पावसाळ्यापासून येतंय हळूहळू. फिकं अजून नाही कळत. बाकी कळतं."

"मग शेठला सांगा. तुमची जागा तुम्हाला देतील. ते चांगले आहेत."

नायनांनी भाकरीचा तुकडा मोडला, पप्पूत बुडवला आणि खाल्ला. "बाशा आहे तिथं," ते म्हणाले. "चांगलं बघतो तो." मग त्यांनी ताटली पुढं केली आणि अम्माने आणखी पप्पू वाढली. रंगखाना बंद होईपर्यंत ते कोठीवरच बसले.